दशावतार, चौऱ्यांशी लक्ष योनी आणि डार्विन: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा आहे. तो सुरू केला की दरवर्षी पाचव्या मिनिटाला कुणाचा तरी हात वर येतोच, सर, म्हणजे दशावतारच ना हे? पालकही विचारतात, नातेवाईक विचारतात, व्हॉट्सॲपवर तर दर एकादशीला तोच फोटो फिरतो, एका बाजूला दहा अवतार आणि दुसऱ्या बाजूला वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंतची रांग. मी सिंधुदुर्गातला, जत्रेत पहाटेपर्यंत दशावतारी नाटकं बघत वाढलेला, घरी गणपती आणि सत्यनारायण दोन्ही होतात, आणि पोटापाण्याला विज्ञान शिकवतो. त्यामुळे हा प्रश्न मला परका नाही, दोन्ही बाजूंची माया आहे. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय.

प्रश्न: दशावतार म्हणजे आपल्या पूर्वजांनी सांगितलेली उत्क्रांतीच ना?

नाही. आणि हे मी दशावताराचा मान ठेवूनच सांगतोय.

आधी शब्दच बघा. अवतार म्हणजे खाली उतरणं, जो आधीच पूर्ण आहे तो खाली येतो. गीतेत कारणही स्पष्ट दिलंय, धर्माला ग्लानी आली की मी येतो. मत्स्य मनूला वाचवायला येतो, कूर्म मंदार पर्वत पाठीवर घेतो म्हणून समुद्रमंथन होतं, वराह बुडालेली पृथ्वी दातावर उचलतो. मासा हळूहळू कासव झाला आणि कासवाचं डुक्कर झालं असं कुठल्याच पुराणात कुणी म्हणत नाही, तिन्ही वेळा तोच विष्णू आहे आणि तो पहिल्याच दिवशी परिपूर्ण आहे. उत्क्रांतीत असं उतरणारं कुणी नसतंच. तिथे पिढ्या असतात, पिढीगणिक थोडेथोडे फरक पडतात, ज्याचा फरक त्या जागी उपयोगी पडला त्याची पिल्लं जास्त जगतात, बास. हे कोट्यवधी वर्षं चालू राहतं.

म्हणजे एक गोष्ट "का आला" ते सांगते आणि दुसरी "कसं झालं" ते सांगते. दोन्ही एकाच मापाने मोजायला गेलो की दोन्हीचं नुकसान होतं.

प्रश्न: पण क्रम तर जुळतो की! पाण्यातला मासा, मग पाणी-जमीन दोन्हीकडचं कासव, मग जमिनीवरचं डुक्कर, मग अर्धा माणूस, मग बुटका माणूस...

या प्रश्नावर थोडं थांबूया, कारण सगळ्यांची मेख इथेच आहे.

पहिली गोष्ट, कासव उभयचर नाही. कासव सरपटणाऱ्या प्राण्यांत येतं, अंडी जमिनीवरच घालतं, समुद्री कासवसुद्धा, वेळासच्या किनाऱ्यावर जाऊन बघितलंत तर दिसेल. उभयचर म्हणजे बेडूक, आणि दशावतारात बेडूक नाही. कासवांचे जुन्यात जुने जीवाश्म साधारण २२ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, चीनमध्ये सापडलेल्या एका कासवाला तर फक्त पोटाकडचं कवच होतं, पाठीवरचं अजून तयारच व्हायचं होतं. आणि पाठीचा कणा असलेले प्राणी जमिनीवर आले ते ३७-३८ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात. म्हणजे जमिनीवर पाय टाकणं आणि कासव यांच्यात पंधरा कोटी वर्षांचं अंतर आहे. पहिले सस्तन प्राणीही साधारण कासवांच्याच काळातले, आणि डुकरांचं घराणं म्हणाल तर ते फार तर चार कोटी वर्षांच्या आतलं.

दुसरी गोष्ट, मधलं केवढं गायब आहे बघा. सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीपासून पृथ्वीवर सूक्ष्मजीव आहेत, पुढची दोन-अडीचशे कोटी वर्षं बहुतेक तेच होते, मासे आले ते अवघ्या ५०-५२ कोटी वर्षांपूर्वी. त्या यादीत झाडं नाहीत, किडे नाहीत, पक्षी नाहीत, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला ज्याची हाडं सापडली तो लांब मानेचा डायनोसॉरही नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हा दहाचा क्रम काही एकमेव क्रम नाही. भागवताच्या पहिल्या स्कंधात तिसऱ्या अध्यायात २२ अवतार मोजलेत, तिथे पहिले सनत्कुमार, दुसरा वराह, तिसरे नारद, आणि मत्स्य चक्क दहावा, कूर्म अकरावा. म्हणजे दत्तगुरू सहावे आणि मासा त्यांच्यानंतर! भागवत लिहिणाऱ्याला उत्क्रांती सांगायची असती तर हा क्रम त्याने असा लावला नसता. त्याच्या डोक्यात ते नव्हतंच. आपल्याकडे तर नवव्या जागी कुठे बुद्ध असतो, कुठे विठोबा असतो, कुठे आठवा बलराम असतो. त्याहूनही मागे गेलात तर शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात मनूला वाचवणारा मासा आहे पण तो विष्णू असल्याचं तिथे म्हटलेलंच नाही, आणि कासव व वराह ही प्रजापतीची रूपं आहेत.

आणि शेवटच्या चार-पाच पायऱ्या? परशुराम म्हणे कुऱ्हाडवाला रानटी माणूस आणि राम धनुष्यवाला सुधारलेला माणूस. पण परशुराम सीता स्वयंवरानंतर रामाला समोरासमोर भेटतात, पुढे महाभारतात भीष्माला आणि कर्णाला विद्याही शिकवतात. बलराम-कृष्ण तर भाऊभाऊ. यांना वेगवेगळ्या पायऱ्या म्हणायचं कसं?

प्रश्न: मग ही तुलना आली कुठून?

डार्विनचं पुस्तक आलं १८५९ साली. थिऑसॉफी या आध्यात्मिक चळवळीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी १८७७ साली छापलेल्या पुस्तकात अवतार आणि उत्क्रांती अशी सांगड घातली, त्या नंतर १८७९ मध्ये मुंबईतच येऊन राहिल्या. १८८२ मध्ये ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेन यांनी तसंच मांडलं. त्या काळात इंग्रज आपल्या पुराणांना भाकडकथा म्हणत होते, तेव्हा शिकलेल्या माणसाला असं वाटणं मी समजू शकतो, की बघा, तुमचं ताजं विज्ञान आमच्याकडे आधीपासून आहे. पण डार्विनच्या आधी हजार-दीड हजार वर्षं एवढे भाष्यकार झाले, त्यांनी दशावताराचा असा अर्थ लावला नव्हता. उत्तर कळल्यावर मागून जोडलेली ती जुळणी आहे.

प्रश्न: नरसिंह हा मधला दुवा नाही का?

अर्धा सिंह अर्धा माणूस असा प्राणी उत्क्रांतीत होऊच शकत नाही, कारण सिंहाची फांदी आणि आपली फांदी साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. आणि नरसिंहाचं सौंदर्य मधला दुवा असण्यात नाहीच! हिरण्यकशिपूला वर होता, ना माणसाकडून मरण ना पशूकडून, ना आत ना बाहेर, ना दिवसा ना रात्री. म्हणून उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला, दोन्ही असलेला आणि दोन्ही नसलेला असा तो खांबातून येतो. ही गोष्ट इतकी चोख रचलेली आहे की तिला जीवशास्त्राचा चार्ट बनवलं की तिचा जीवच जातो.

खरा मधला दुवा बघायचाय? कॅनडाच्या अगदी उत्तरेला एल्समेअर बेटावर २००४ साली टिक्टालिक नावाचा जीवाश्म सापडला, ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा. खवले आणि कल्ले माशाचे, पण डोकं चपटं आणि मान वळणारी, आणि परांच्या आत खांद्याचं, कोपराचं हाड. शोधणारे नशिबाने तिथे पोचले नव्हते. एवढ्या वयाचा, उथळ नदीकाठचा खडक कुठे उघडा पडलाय ते नकाशात बघून गेले होते, आणि चार-पाच वर्षांत वेगवेगळ्या मोहिमा काढल्यावर सापडला.

कोकणातल्या लोकांना तर मी सांगतो, ओहोटीला खाडीवर जा आणि निवट्या बघा. आपण ज्यांचं कालवण करतो त्याच. मासाच आहे, पण चिखलावर पुढच्या परांवर रेटा देत चालतो, ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, धोका वाटला की बिळात शिरतो. निवटी आपली पूर्वज नाही, ती वेगळ्या आणि खूप नंतरच्या घराण्यातली, पण माशाने चिखलावर चालणं म्हणजे काय ते तिच्याकडे पाच मिनिटं बघितलं की डोळ्यांना पटतं.

आणि रविवारी चिकन आणलंत की पंख सोलून बघा: वर एक हाड, खाली दोन हाडं, मग बारीक हाडांचा गुच्छ, मग बोटांचे अवशेष. आता स्वतःचा हात चाचपा. तेच. वटवाघळाचा पंख तोच, देवमाशाचा पर तोच.

प्रश्न: ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी. हे तरी मान्य करा!

आकडे खरे आहेत, जोडणी चुकीची आहे.

पूजेला बसल्यावर गुरुजी हातावर पाणी घालून संकल्प सांगायला लावतात तो आठवा, "ब्रह्मणो द्वितीये परार्धे विष्णुपदे श्रीश्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वंतरे..." आपण नुसतं "करिष्ये" म्हणतो आणि पळीने ताम्हनात पाणी सोडतो, पण त्यात पूर्ण पत्ता दिलेला असतो. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा दिवस, ४३ लाख २० हजार वर्षांच्या चतुर्युगाच्या हजारपट, म्हणजे ४३२ कोटी. पण आपण त्या दिवसाच्या शेवटी नाही आहोत! सातवं मन्वंतर (एका कल्पाचे असे चौदा भाग), त्यातलं अठ्ठाविसावं चतुर्युग, कलियुगाचा पहिला चरण. सहा मन्वंतरं, त्यांचे संधिकाल आणि पुढचं सगळं मिळवलं की हा कल्प सुरू होऊन सुमारे १९७ कोटी वर्षं झाली असं निघतं. म्हणजे परंपरेच्याच हिशोबाने आताची सृष्टी १९७ कोटी वर्षांची, आणि उल्कापाषाणातल्या शिशाच्या मोजणीवरून क्लेअर पॅटरसनने १९५६ मध्ये काढलेलं पृथ्वीचं वय ४५५ कोटी, जे आजही जवळपास तेच आहे. निम्म्याहून जास्त फरक. ४३२ हा आकडा सोयीचा वाटला म्हणून उचलला जातो आणि १९७ कोणी सांगत नाही.

तरी मला यातलं एक फार मोलाचं वाटतं. युरोपात १६५० साली आर्चबिशप अशर सृष्टीचा आरंभ इसवीसनपूर्व ४००४ मध्ये मांडत होते, आणि आपल्याकडचा साधा माणूस पूजेला बसून कोटी वर्षांच्या भाषेत स्वतःचा पत्ता सांगत होता. एवढा मोठा काळ मनात आणायची सवय असणं ही मोठीच गोष्ट आहे. पण सवय वेगळी आणि मोजमाप वेगळं.

प्रश्न: ८४ लक्ष योनी आणि शास्त्रज्ञांनी काढलेल्या ८७ लाख प्रजाती?

हा फॉरवर्ड मलाही आठवड्याला एकदा येतो. २०११ साली एका अभ्यासात बॅक्टेरिया सोडून पृथ्वीवर साधारण ८७ लाख प्रजाती असाव्यात असा अंदाज आला, १३ लाख इकडेतिकडे धरून. बाकीचे अंदाज याहून खूप कमी आणि खूप जास्तही आहेत. आता पद्मपुराणातला म्हणून सांगतात तो श्लोक घ्या: जलचर ९ लाख, स्थावर २० लाख, कृमी ११ लाख, पक्षी १० लाख, पशू ३० लाख, माणूस ४ लाख. बेरीज ८४ बरोबर येते. पण खरे पक्षी आहेत साधारण ११ हजार जातींचे, सस्तन प्राणी साडेसहा हजारांच्या आसपास, वनस्पती त्याच अभ्यासात ३ लाख, आणि माणसाची जात एकच. चार लाख माणसांच्या योनी म्हणजे काय? आणि किडे, जे खरंच सगळ्यात जास्त आहेत, ते श्लोकात ११ लाखांवर अडकलेत. बेरीज जवळ आली म्हणून गणित बरोबर होत नाही, पेपर तपासताना मी पायऱ्याही बघतो.

दासबोधात, अभंगांत चार खाणी आणि चौऱ्यांशी लक्ष योनी येतात ते नरदेहाची दुर्मिळता सांगायला, एवढ्या फेऱ्यांनंतर मिळालाय तर वाया घालवू नकोस. तिथे मोजदाद हा मुद्दाच नाही.

प्रश्न: चार खाणी म्हणजे वर्गीकरण तर आहे ना?

आहे, आणि निरीक्षणातून आलेलं आहे. जारज वारेतून, अंडज अंड्यातून, उद्भिज जमीन फोडून, स्वेदज घामातून. पहिल्या तिन्हींत तथ्य आहे. स्वेदज मात्र चुकलं, उवा घामातून होत नाहीत, लिखांतून होतात. पण असं सगळ्या जगालाच वाटत होतं, युरोपातही कुजक्या मांसातून अळ्या आपोआप होतात असंच मानायचे. १६६८ मध्ये रेडीने मांसावर कापड बांधून दाखवलं की माशी बसली नाही तर अळी होत नाही, आणि १८६० च्या सुमारास पाश्चरने वाकड्या नळीच्या चंबूंनी उरलंसुरलं निकालात काढलं.

प्रश्न: नासदीय सूक्तात बिग बँग आहे का?

नाही, आणि जे आहे ते मला त्याहून प्रिय आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त, फक्त सात ऋचा. तेव्हा सत् नव्हतं, असत् नव्हतं, इथून सुरुवात. मग विचारतो, "को अद्धा वेद", खरोखर कोणाला ठाऊक आहे? देवसुद्धा या सृष्टीच्या नंतरचे. आणि शेवट असा की जो परम आकाशातून हे सगळं बघतो त्याला ठाऊक असेल, किंवा कदाचित त्यालाही नसेल. जगातल्या सृष्टीकथा उत्तर देऊन संपतात आणि हा ऋषी प्रश्नावर थांबतो. त्यात बळंच स्फोट आणि हायड्रोजन कोंबला की तो प्रश्नच मरतो. वर्गात मी धड्याच्या आधी हे सूक्त मराठीत सांगतो, मुलं एकदम शांत होतात.

प्रश्न: बायबलमध्ये तर सहा दिवसांत जग झालंय, मग ख्रिस्ती लोक उत्क्रांती कशी मानतात?

बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात तिसऱ्या दिवशी फळझाडं, चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र, पाचव्या दिवशी मासे आणि पक्षी, सहाव्या दिवशी जमिनीवरचे प्राणी आणि माणूस. विज्ञानाशी हाही क्रम जुळत नाही, सूर्य झाडांच्या आधीचा, मासे फळझाडांच्या कितीतरी आधीचे, आणि पक्षी डायनोसॉरांच्या घराण्यातून आलेले. शिवाय दुसऱ्या अध्यायातला क्रम आणखी वेगळा, तिथे माणूस आधी आणि प्राणी नंतर. म्हणजे आपल्या पुराणांसारखंच, एकाच ग्रंथात दोन कथा शेजारी शेजारी नांदतात.

ही कथा मराठीत फार पूर्वीच आलीय. १६१६ साली गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं, त्यात ही उत्पत्ती ओवीबद्ध आहे, "जैसी हरळांमाजि रत्नकिळा" म्हणत मराठीची थोरवी गाणारा तोच हा इंग्रज पाद्री.

कॅथलिक चर्चचं म्हणाल तर १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही नुसत्या अनुमानापेक्षा जास्त काही आहे असं मान्य केलं. महास्फोटाची कल्पना मांडणारे लमेत्र तर स्वतः पाद्री होते. सहा दिवस शब्दशः धरणारे गट आहेत, अमेरिकेत बरेच आहेत, पण सगळे ख्रिस्ती तसे नाहीत. कुराणातही सहा दिवसांचा उल्लेख आहे, प्रत्येक सजीव पाण्यापासून केला असंही आहे, आणि मुसलमान अभ्यासकांतही शब्दशः घेणारे आणि न घेणारे दोन्ही आहेत.

प्रश्न: परशुरामाने बाण मारून कोकण काढलं, त्यात काही खरं असेल?

ही आमच्या मातीची गोष्ट, चिपळूणच्या देवळात लहानपणी हात जोडून ऐकलेली. सगळी पृथ्वी कश्यपाला दान केली, मग राहायला जागा नाही म्हणून समुद्र मागे हटवला.

भूगर्भ असं सांगतो: सह्याद्रीचा काळा कातळ ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, जांभा त्याच्यानंतर पाऊस आणि उन्हाने खडक कुजून तयार झालेला. वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, किनारा कितीतरी पश्चिमेला होता, आणि बर्फ वितळलं तसा समुद्र आत आला. म्हणजे समुद्र हटण्यापेक्षा आत येण्याचीच मोठी घटना घडली. गोष्ट मात्र दुसरंच काही सांगते, नव्या किनारपट्टीवर येऊन वसलेली माणसं या जमिनीशी स्वतःचं नातं कसं जोडतात. ते मला खरं वाटतं.

प्रश्न: माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून का आहेत?

तुम्ही आणि तुमचा चुलतभाऊ दोघंही एका आजोबांचे. तुम्ही आहात म्हणून चुलतभाऊ नाहीसा होतो का? चिंपांझी आणि आपण असेच, साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वीचा पूर्वज सामाईक. आपल्या गुणसूत्रांच्या २३ जोड्या, त्यांच्या २४, आणि आपलं दुसरं गुणसूत्र त्यांच्या दोन गुणसूत्रांचा सांधा आहे हे डीएनएमध्ये जोडाची खूण बघून कळतं.

आणि उत्क्रांती म्हणजे वर चढणारी शिडी नाही. जम्मू भागात कालाकोटला इंडोह्यस नावाच्या मांजराएवढ्या खुरवाल्या प्राण्याचे जीवाश्म सापडलेत, ४.८ कोटी वर्षांपूर्वीचे, त्याचं घराणं देवमाशांच्या अगदी जवळचं. म्हणजे वराहाच्या लांबच्या भाऊबंदांपैकी काहीजण परत समुद्रात गेले!

प्रश्न: पण हे होताना कोणी बघितलंय? शेवटी थिअरीच आहे ना?

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादमध्ये हेच म्हणाले होते, की माकडाचा माणूस होताना कोणी बघितल्याचं लिहिलेलं नाही, डार्विन चुकीचा आहे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला त्याचं मला मनापासून दुःख आहे, कारण पुढे जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलाला तो परत कधीच भेटत नाही.

बघितलंय का, तर हो, बघितलंय. अमेरिकेत लेन्स्की या जीवशास्त्रज्ञांनी १९८८ पासून बॅक्टेरियाच्या बारा वसाहती वाढवल्या, तीसेक हजार पिढ्यांनंतर त्यातली एक हवा असतानाही सायट्रेट खायला शिकली, जे तिच्या पूर्वजांना जमत नव्हतं. आणि औषधाला दाद न देणारा टीबी तुमच्या-माझ्या तालुक्याच्या दवाखान्यात आहे. गोळ्या मध्येच सोडल्या की जे जंतू चिवट असतात तेच उरतात आणि वाढतात. हीच नैसर्गिक निवड. विज्ञानात थिअरी म्हणजे अंदाज नव्हे, रोग जंतूंमुळे होतात हीसुद्धा थिअरीच.

प्रश्न: पहिला जीव कसा झाला ते तरी सांगता येतं का?

पूर्ण नाही. १९५३ मध्ये स्टॅन्ली मिलरने पाणी, मिथेन, अमोनिया, हायड्रोजन यांत ठिणग्या पाडून अमिनो आम्लं मिळवली, तिथून काम पुढे बरंच गेलंय, पण रसायनापासून पेशीपर्यंतची सगळी वाट अजून सापडलेली नाही. शिवाय हा प्रश्न उत्क्रांतीचा नाही, उत्क्रांती सुरू होते ती जीव झाल्यावर.

प्रश्न: मग परीक्षेत काय लिहायचं आणि घरी मुलांना काय सांगायचं?

परीक्षेत पुरावे लिहायचे: जीवाश्म, शरीररचना, अवशेषांगं, भ्रूण, डीएनए. दशावतार लिहिला तर गुण मिळणार नाहीत.

घरी मात्र गोष्ट सांगाच, आणि पूर्ण सांगा, चार्ट करून नाही. मनू सकाळी हात धुवायला पाणी घेतो, ओंजळीत इवलासा मासा येतो आणि म्हणतो मला सांभाळ, मोठे मासे मला खातील. मनू त्याला मडक्यात ठेवतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात, आणि पुढे तोच मासा शिंगाला दोर बांधून मनूची नाव ओढून नेतो. आमच्याकडे नाटकाच्या आधी आडदशावतारात संकासुर येतो, वेद पळवणारा, काळा अंगरखा घातलेला, मालवणीत बोलणारा, आणि पुढ्यात बसलेली पोरं आधी घाबरतात मग खिदळतात. माझी धाकटी गेल्या जत्रेत मांडीवर बसून बघत होती, मध्येच कानात विचारलं, बाबा, त्या माशाला शिंग होतं तर तो कल्ल्यांनी श्वास घ्यायचा का? मी म्हटलं, उद्या सकाळी बाजारातून बांगडा आणू आणि कल्ले उघडून बघू. आणला, बघितला, लालभडक पाकळ्यांसारखे कल्ले तिने बोटाने मोजले, आणि मग संध्याकाळी मनूची गोष्ट परत सांगायला लावली.